स्वभाव तापट

निशा कुरणे सहायक सरकारी वकील म्हणून कोल्हापूरच्या कोर्टात रुजू झाली, तेव्हा आमच्या खोलीत तिला बसायला जागा नव्हती. खुर्च्या तीन होत्या. एकीवर मी बसायचो, दुसरीवर येईल तो फौजदार, आणि तिसरीवर फायलींचा ढीग. तिनं दारात उभं राहून रुजू अहवाल माझ्या हातात दिला, ढीग उचलून जमिनीवर ठेवला, खुर्ची पदरानं पुसली आणि बसली.

"यातल्या माझ्या कुठल्या, सर?" एवढंच विचारलं.

सत्त्याण्णव सालचा जून होता. मी कृष्णात पाटील. तोवर त्या खोलीत माझी अकरा वर्षं गेली होती. पोलिसांनी दाखल केलेले खटले सरकारच्या वतीनं चालवायचे हे आमचं काम. बोर्डावर रोज चाळीस-पन्नास केसेस. साक्षीदार फुटायचे, आरोपी सुटायचे, आम्ही पुढची फाईल उघडायचो. संध्याकाळी घरी जाताना माझ्या डोक्यात कोर्टातलं काही नसायचं, आणि त्याचा मला अभिमान होता.

नव्या माणसाला सडलेल्या फायली द्यायची रीत आहे. मीही दिल्या. ज्यांच्या तारखा वर्षानुवर्षं पडत होत्या, ज्यांत काही निघणार नाही हे मला ठाऊक होतं, त्या सगळ्या तिच्याकडं सरकवल्या.

तिचं गाव नेसरी, गडहिंग्लज तालुक्यातलं. वडील अण्णासो गावचे कोतवाल. आई आक्काताई काजूच्या कारखान्यात काजू फोडायला जायची. टरफलाच्या तेलानं तिच्या बोटांची सालं निघत. सुट्टीत निशाही शेजारी बसून तेच काम करायची. घर बौद्ध, धर्मांतर आजोबांनी केलेलं. वकिलीचं शिक्षण घेताना ती सकाळी राजारामपुरीत एका क्लासमध्ये मुलांना शिकवायची. पुढं तीन वर्षं एका वकिलांकडं ज्युनियर राहिली, मग परीक्षा देऊन आमच्यात आली. हे सगळं मला हळूहळू कळलं. ती रुजू झाली त्या दिवशी वकिलांच्या बाररूममध्ये एवढंच बोलणं झालं की कोट्यातली बाई आली. मीही हसलो होतो. निकालाच्या यादीत ती खुल्या गटात बारावी होती. हे मला दोन वर्षांनी समजलं. तिनं ते कधी सांगितलं नाही आणि आमच्यापैकी कुणी यादी बघितली नव्हती.

पहिल्याच आठवड्यात एका फायलीचा पुकारा झाला. आरोपीच्या वकिलांनी तारीख मागितली, न्यायाधीश साहेबांनी दिली. अर्ध्या मिनिटात सगळं उरकलं. निशा बाहेर आली तर व्हरांड्यात पन्नाशीची एक बाई भिंतीला टेकून उभी. उजवा हात पदराखाली. शिपायाला विचारत होती, "माजी कवाची तारीख पडली?"

निशा थांबली. "तुम्ही धोंडुबाई चौगले?"

"व्हय."

"मी तुमची वकील."

बाईनं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "म्या कुटं वकील लावलाय?"

"सरकारनं लावलाय. तुमची केस सरकार चालवतं. तुम्हाला कुणी सांगितलं न्हाय?"

"तीन वरसं झाली की. बावीस डाव आलो इथं. एकबी माणूस माज्याशी बोललं न्हाई. दारात हुबं राहायचं, तारीख इच्यारायची, जायचं." तिचा आवाज चढला. "तीन वरीस कुटं गेलतं तुजं सरकार?"

व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली.  निशानं बाईला हाताला धरून खोलीत आणलं आणि फौजदाराच्या खुर्चीवर बसवलं. फौजदार उभाच राहिला. मी समोर होतो.

"सर, ही केस तीन वर्षं तुमच्याकडं होती."

"होती."

"या बाईंशी तुम्ही कधी बोललात?"

"मॅडम, दिवसाला चाळीस केसेस असतात. प्रत्येकाशी बोलत बसलो तर..."

"एकदा?"

धोंडुबाई माझ्याकडं बघत होती. तिनं पदराखालचा हात टेबलावर ठेवला. तळहाताच्या मधोमध आणि मागच्या बाजूला गाठीसारखे वण होते. मधली दोन बोटं ताठ, लाकडासारखी.

"नाही," मी म्हणालो.

निशानं मान हलवली आणि वही उघडली. "आता मला सुरुवातीपासून सांगा, मावशी."

हकीकत साधी होती. धोंडुबाई माझ्याच गावाशेजारच्या गावची, शेतकऱ्याघरची. नवरा गेल्यावर मुलीला घेऊन कोल्हापुरात आलेली. शाहूपुरीत एका गूळ अडत्याच्या दारात बसून ती पोती शिवायची. चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीतली गोष्ट. दारात बारदान पसरून ती बसलेली. अडत्याचा मुलगा राजवीर मोटरसायकल आत घ्यायला आला. वय बावीस. त्यानं हॉर्न वाजवला. ती म्हणाली, "एवढा टाका घालतो आणि उठतो, बाळा." तो उतरला. हमालांचा पोती ओढायचा लोखंडी हूक उंबऱ्याशी पडला होता. तो उचलून त्यानं तिच्या हातावर मारला. हूक तळव्यातून आरपार गेला. त्यानं तो ओढून काढला, टाकून दिला आणि गाडी आत घेतली.

"बास, येवढंच," धोंडुबाई म्हणाली. "उठायला येळ लागला म्हणून."

गणपतराव नावाच्या म्हाताऱ्या हमालानं आपला पटका सोडून तिच्या हाताला गुंडाळला आणि तिला दवाखान्यात नेलं. हूक त्याचाच होता. घडलेलं बघणारा तो एकटाच.

त्या दिवसापासून निशाच्या कपाळावर तटतटलेली शीर मी रोज बघायला लागलो. तिचा राग ओरडण्याचा नव्हता. ती फाईल वाचत जायची आणि एकेका पानावर थांबून प्रश्न विचारायची. प्रश्न असे की समोरच्याला खोटं बोलावं लागायचं नाहीतर मान खाली घालावी लागायची.

गणपतरावाच्या समन्सवर अकरा वेळा एकच शेरा होता: इसम मिळून येत नाही. तिनं समन्स बजावणाऱ्या हवालदाराला बोलावलं.

"तुम्ही शाहूपुरीत गेलता?"

"गेलतो की, मॅडम. म्हातारं कुटं गावाला गेलंय म्हनत्यात."

"अकरा वेळा गावाला?"

हवालदार माझ्याकडं बघून हसला. ती उठली, पर्स घेतली आणि चालत शाहूपुरीत गेली. तासाभरानं परत आली. गणपतराव त्याच दुकानाच्या दारात पोत्यावर बसून भाकरी खात होता. तीन वर्षांत तो तिथून हललाच नव्हता. तिनं नवं समन्स काढून घेतलं, हवालदाराला रिक्षात घातलं आणि स्वतः बरोबर गेली. सही घेऊन आली. हवालदारानं हे पोलीस ठाण्यात जाऊन सांगितलं असणार. त्या आठवड्यापासून ठाण्याचे लोक आमच्या खोलीत येईनासे झाले. आले तरी माझ्याशीच बोलायचे.

"कशाला अंगावर घेता?" मी तिला म्हणालो. "आपल्याला यांच्याबरोबरच काम करायचंय."

"मी पण तेच म्हणतेय, सर. काम करायचंय."

केस उभी राहिली ती अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात. धोंडुबाईनं साक्ष दिली. आरोपीच्या वकिलांनी तिला दोन तास उभं केलं. तुमचा हात तराजूत सापडला होता, हे खरं की नाही. तुम्ही दारात मुद्दाम बसला होता, हे खरं की नाही. ती प्रत्येक वेळी म्हणायची, "न्हाई. त्यानं मारलं." राजवीर आरोपीच्या जागेवर उभा राहून घड्याळाशी चाळा करत होता. नंतर डॉक्टर आले. त्यांनी जखम टोकदार लोखंडी वस्तूची असल्याचं सांगितलं आणि दवाखान्याचा केसपेपर दाखवला. रुग्णाला आणणाऱ्याचं नाव म्हणून त्यावर गणपतरावाचं नाव आणि अंगठा होता. तो केसपेपर पोलिसांनी चार्जशीटला लावलाच नव्हता. निशानं दवाखान्याच्या जुन्या दप्तरातून तो शोधून मागवला होता.

मग गणपतराव पिंजऱ्यात आला. स्वच्छ धोतर, नवा पटका. पटका कुणी घेऊन दिला हे कोर्टातल्या सगळ्यांना कळत होतं. तो म्हणाला, "मला काय म्हाईत न्हाई. मी त्या दिवशी पेठंत नव्हतो."

आमची रीत अशी की साक्षीदार फुटला की त्याला फितूर ठरवून उलटतपासाची परवानगी घ्यायची, ठरलेले तीन प्रश्न विचारायचे आणि खाली बसायचं. निशा बसली नाही.

"तुम्ही पेठेत नव्हता?"

"नव्हतो."

तिनं केसपेपर त्याच्यापुढं धरला. "हा अंगठा कुणाचा?"

म्हाताऱ्यानं कागद डोळ्यांजवळ धरला. "माजाच दिसतोय."

"म्हणजे तुम्ही या बाईंना दवाखान्यात नेलं."

"व्हय, नेलं."

"का नेलं?"

"हाताला भोक पडलं व्हतं."

"कशानं पडलं?"

 आरोपीचे वकील उठले, हरकत घेतली. साहेबांनी हरकत फेटाळली.

"कशानं, गणपतराव?"

"हुकानं."

"हूक कुणाचा?"

"माजा."

"तुमच्या हातात होता?"

"न्हाई, आईशप्पत न्हाई." पहिल्यांदाच तो घाईनं बोलला. "मी पल्याड पोतं लावत व्हतो."

"मग कुणाच्या हातात होता?"

गणपतरावानं राजवीरकडं बघितलं. राजवीरच्या मागं त्याचे वडील बसले होते, त्यांच्याकडंही बघितलं. 

"मी बघितलं न्हाई," तो म्हणाला.

निशानं त्याला तोच प्रश्न आणखी दोनदा विचारला. तिसऱ्यांदा म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण उत्तर तेच राहिलं. बाहेर आल्यावर तिनं फाईल टेबलावर अशी आपटली की शाईची दौत पडली. "तो खोटं बोलला नाही सर, तो भीक मागत होता. पाठीवर पोतं मिळावं म्हणून." मी म्हणालो, जेवढं निघालं तेवढं पुष्कळ आहे. ते खरंही होतं. हूक, जागा, दिवस, सगळं त्याच्याच तोंडून आलं होतं.

राहिला पंच. कुठली वस्तू जप्त केली की पोलीस दोन माणसांसमोर पंचनामा लिहितात. ही दोन माणसं म्हणजे पंच. धोंडुबाईच्या केसमधला पंच सयाजी म्हणून होता. पोलीस ठाण्याशेजारी त्याची पानपट्टी. त्याची सही आमच्या निम्म्या फायलींत असायची. कागद आधी लिहून तयार असायचा, सयाजी विड्याला चुना लावता लावता सही करायचा, आणि कोर्टात येऊन हमखास फुटायचा. आरोपीकडूनही त्याला काहीतरी मिळायचं. हे मला माहीत होतं. साहेबांना माहीत होतं. भिंतीवरच्या पालीलाही माहीत असेल.

"त्याला सोडून द्या," मी सांगितलं. "पंच फुटला तरी केसचं फारसं बिघडत नाही. तीन प्रश्न विचारा आणि मोकळ्या व्हा."

ती शांतपणे बोलायला लागली. इतकी शांत की मी हातातला पेन खाली ठेवला. "माझा बाप कोतवाल होता, सर. फौजदार गावात आला की आधी त्याला बोलावणं. अंगठा दे. कागदावर काय लिहिलंय ते त्याला कधी वाचून दाखवलं नाही. एकदा त्यानं विचारलं, साहेब, ह्यात काय हाय? तर त्याच्या कानाखाली बसली. चावडीत, सगळ्यांदेखत. मी सातवीत होते, त्याची भाकरी घेऊन गेलते. पुढं त्या केसमध्ये त्याच्या अंगठ्यावर एक पोरगा दोन वर्षं आत गेला. माझी आई अजून सांगती, बाप तेव्हापासून त्या पोराच्या घरावरनं जात नाही, लांबनं वळसा घालतो. तीन प्रश्न विचारून मी मोकळी कशी होऊ?"

पुढचे दोन महिने ती जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्डच्या खोलीत जाऊन बसायची. पांढऱ्या साडीवर धूळ घेऊन परत यायची. निकाली फायलींतले पंचनामे काढून त्यांच्या रीतसर नकला तिनं मागवल्या. सयाजीच्या सहीचे एकतीस.

सयाजी पिंजऱ्यात आला आणि ठरल्याप्रमाणं म्हणाला, "माज्यासमोर काय जप्त केलं न्हाई. कोऱ्या कागदावर सही घेतली."

निशानं परवानगी घेतली. "आतापर्यंत किती पंचनाम्यांवर सह्या केल्या तुम्ही?"

"दोन-चार असतील."

तिनं एकतीस कागद एकेक करून त्याच्यापुढं ठेवले. प्रत्येकावर विचारलं, सही तुमची का. प्रत्येक वेळी तो व्हय म्हणाला. शेवटचे दोन तिनं शेजारी शेजारी ठेवले. एकाच दिवशी संध्याकाळी पाच ते सहा तो शाहूपुरीत हूक जप्त करताना हजर होता, आणि सव्वापाच ते पावणेसहा एका मटक्याच्या अड्ड्यावर चिठ्ठ्या मोजताना हजर होता. तेवढ्या वेळात तो दोन्हीकडं कसा होता, असं तिनं विचारलं. कोर्टात कुणीतरी हसलं. सयाजी पिंजऱ्याच्या कठड्याला धरून फौजदाराला शोधत होता.

साहेबांनी चष्मा काढला. "मॅडम, तुम्ही सरकारच्या वकील आहात. स्वतःच्याच केसचा पंचनामा खोटा पाडताय, हे लक्षात येतंय ना?"

"येतंय, साहेब. तो खोटाच आहे. माझ्याकडं जखमी बाईची साक्ष आहे, डॉक्टर आहेत, हुकाचा मालक आहे. मला खोट्या कागदाची गरज नाही, आणि तो मी खरा म्हणून कोर्टापुढं ठेवणार नाही."

तपास करणारा फौजदार मागच्या बाकावर होता. तो उठून बाहेर गेला.

त्याच दिवसांत बाररूममध्ये बोलणं सुरू झालं की कुरणेबाई आपल्या माणसासाठी लढताहेत. धोंडुबाई त्यांच्यातली, म्हणून एवढा जोर. एका वकिलानं तर माझ्यासमोर निशालाच विचारलं, "नात्यातल्या का हो त्या?"

"तिचं आडनाव चौगले आहे," निशा म्हणाली. "पाटील सरांच्या शेजारच्या गावची. नातं काढायचं तर त्यांचं निघेल. चार वर्षं ती दारात उभी होती तेव्हा तुम्ही कुणी जात विचारली नाही. आता ती जिंकायला लागली तर विचारताय."

तो वकील चहाचा कप ठेवून निघून गेला. मी तिथंच होतो आणि गप्प होतो.

डिसेंबरात निकाल लागला. सतरा पानी, मराठीत. साहेबांनी पंचनामा बाजूला ठेवला, पोलिसांच्या तपासावर दोन कडक परिच्छेद लिहिले आणि धोंडुबाईच्या साक्षीवर विश्वास ठेवून राजवीरला दोन वर्षं सक्तमजुरी दिली. त्याला त्याच दिवशी जामीन मिळाला, अपिलासाठी. धोंडुबाईला एवढंच कळलं की शिक्षा झाली. ती निशाच्या पाया पडायला वाकली. निशानं तिला मधेच धरलं, "असलं काय करायचं न्हाय, मावशी," म्हणून रागानंच बोलली.

महिनाभरात निशाविरुद्ध तक्रार आली. पोलिसांशी असहकार, सरकारी पुराव्याची हानी, उद्धट वर्तन. वरून मला विचारणा झाली: सहकारी म्हणून आपलं मत लेखी कळवावं.

मी काय लिहिलं ते सांगतो. मी लिहिलं की श्रीमती कुरणे अभ्यासू आहेत. प्रामाणिक आहेत. आणि शेवटच्या ओळीत लिहिलं: स्वभाव तापट. मला वाटलं, एवढं लिहिलं की दोन्ही बाजू सांभाळल्या जातील. अभ्यासू आणि प्रामाणिक हे शब्द कुणी वाचले नाहीत. मे महिन्यात तिची बदली दूरच्या तालुक्याच्या कोर्टात झाली. आदेशात लिहिलं होतं, प्रशासकीय कारणास्तव. ती गेली त्या दिवशी मी रजेवर होतो. रजा मीच टाकली होती.

अपील दोन हजार एकमध्ये वरच्या कोर्टात निघालं. तिथं सरकारतर्फे दुसरे वकील उभे राहणार, निशाला बोलता येणार नव्हतं. तरी ती एका दिवसाची रजा घेऊन पहाटेच्या एसटीनं आली आणि मागच्या बाकावर धोंडुबाई आणि तिची मुलगी वर्षाराणी यांच्या शेजारी बसली. वर्षाराणी तोवर राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात नोकरीला लागली होती. आमच्या बाजूचा युक्तिवाद सात मिनिटांत संपला. मी घड्याळ लावून बघितलं, कारण निशा बघत होती.

गुन्हा शाबीत राहिला. पण आरोपी तरुण आहे, पहिलाच गुन्हा आहे, घरची प्रतिष्ठा आहे, म्हणून तुरुंगवास रद्द झाला. चांगल्या वर्तणुकीच्या हमीपत्रावर राजवीर सुटला. त्याच्या माणसांनी बाहेर व्हरांड्यातच पेढे वाटले. एक पेढा माझ्याही हातावर ठेवला. तो मी खिडकीच्या कठड्यावर ठेवून दिला.

"म्हंजे काय झालं?" धोंडुबाईनं विचारलं.

 निशानं गोड करून सांगितलं नाही. "त्यानंच मारलं हे कोर्टानं मानलं, मावशी. पण त्यो तुरुंगात जायचा न्हाय."

"त्यानं मारलं, असं कागदावर हाय?"

"हाय."

"दोनीबी कोर्टाच्या?"

"दोन्हीच्या."

"मग त्यो कागद मला पायजे."

पहिल्या निकालाची शिक्का मारलेली नक्कल निशाच्या पिशवीतच होती. तिनं ती काढून दिली. धोंडुबाईनं ती डाव्या हातात धरली, उलटीसुलटी करून बघितली आणि मुलीला म्हणाली, "चल पेठंत."

 निशा माझ्याकडं वळली. "तुम्ही पण चला, सर." विनंती नव्हती ती. मी गेलो.

शाहूपुरीत दुपारचे सौदे आटपले होते. गुळाच्या रव्यांनी, ढेपांनी भरलेल्या गाड्या रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या, हमाल सावलीला बसले होते. धोंडुबाई त्या दुकानासमोर रस्त्यात उभी राहिली आणि मुलीला म्हणाली, "वाच. म्होट्यानं."

वर्षाराणीनं वाचायला सुरुवात केली. पहिल्यांदा तिचा आवाज कापत होता. कोर्टाचं नाव, खटल्याचा नंबर, आरोपीचं नाव, वडिलांचं नाव, वय, धंदा. हमाल उठून जवळ यायला लागले. शेजारच्या दुकानांतले दिवाणजी उंबऱ्यावर आले. तिसऱ्या पानाला दुकानातून राजवीरचे वडील बाहेर आले.

"काय तमाशा लावलाय रस्त्यात?"

"कोर्टाचं हाय," धोंडुबाई म्हणाली. "सरकारी शिक्का हाय. वाचू दे तिला."

"पोलिसांना बोलवू काय?"

"बोलवा की. त्यांचंबी लिवलंय ह्यात. त्येंनीबी ऐकावं."

हमालांत हशा पिकला. अडत्यानं इकडंतिकडं बघितलं, त्याला निशा दिसली, मग मी दिसलो. तो आत गेला आणि शटर ओढून घेतलं. वर्षाराणी वाचत राहिली. आता तिचा आवाज चांगला लागला होता. साक्षीदार क्रमांक तीन यांनी जखमी महिलेस स्वतः दवाखान्यात नेल्याचे कबूल केले आहे, असं ती वाचत असताना गर्दीतून गणपतराव पुढं आला. खूप वाकला होता.

"त्यो मी," तो म्हणाला. सगळे वळले. "आनि मी बघितलं व्हतं. राजवीरनं मारलं. मी बघितलं व्हतं."

 मला वाटलं निशाला बरं वाटेल. ती दोन पावलं पुढं गेली. 

"हे आता सांगताय, गणपतराव? रस्त्यावर? पिंजऱ्यात तीनदा विचारलं मी तुम्हाला. तेव्हा हे एक वाक्य बोलला असता तर वरच्या कोर्टात मला आज मागं बसून तोंड बघत राहावं लागलं नसतं."

"पोट व्हतं, बाई."

"हिला नव्हतं पोट?"

 धोंडुबाईनं निशाच्या दंडाला धरलं. "ऱ्हाऊ दे गं. त्यानं पटका तरी सोडला व्हता." आणि मुलीला म्हणाली, "म्होरं वाच."

वर्षाराणीनं सतरा पानं पूर्ण वाचली. मधे दोन वेळा तिला कुणीतरी पाणी दिलं. संपल्यावर धोंडुबाईनं कागदाची घडी करून कनवटीला लावली. मायलेकी चालत राजारामपुरीकडं गेल्या. राजवीर तुरुंगात गेला नाहीच. पण पुढं पेठेतून जाताना तो मोटरसायकल घेऊन मागच्या गल्लीनं जायचा, असं हमाल सांगायचे. तो निकाल पेठेत बऱ्याच जणांना पाठ झाला होता.

मी निशाला स्टँडपर्यंत सोडायला गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या कोर्टात तीन साक्षीदार यायचे होते, ते कुठल्या गाडीनं येणार तेही तिनं लिहून घेतलं होतं. गाडी लागायला वेळ होता. मला ते आता सांगितल्याशिवाय राहवेना.

"मॅडम, तुमच्या चौकशीत मी एक ओळ लिहिली होती."

"माहिताय," ती म्हणाली. "नक्कल मागवली होती मी. अक्षर तुमचं ओळखू येतं."

"चूक झाली माझी."

तिनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं ती म्हणेल, जाऊ दे सर. दोन वर्षं एका खोलीत बसलेली माणसं असं म्हणतात.

"व्हय, झाली," ती म्हणाली आणि गाडीत चढली.